साहित्य, नग एक, नाजूक

जावकराव हे काही त्यांचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पाणीमापन खात्याच्या मोठ्या कचेरीत ते चोवीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर बसले, आणि त्यातली आवक त्यांना कधीच आवडली नाही. आलेला कागद ते दोन बोटांच्या चिमटीत धरायचे, मेलेली पाल उचलावी तसा. पण जावक म्हटली की चेहऱ्यावर तेज. परिपत्रक काढावं ते त्यांनीच. पंखा किती वाजता लावावा, कप कुठे विसळावेत, सरकारी गाडीत कोणी बसावं आणि मुख्य म्हणजे कोणी बसू नये, सगळ्याचं परिपत्रक होतं. खाली 'साहेबांकरिता' असं छापलेलं आणि त्यावर जावकरावांची सही, शेपूट काढलेली. मोठे साहेब ती परिपत्रकं वाचत नसत. कचेरीत कोणीच वाचत नसे. जगात फक्त एक माणूस ती मनापासून वाचत होता, पण त्याची गाठ पुढे पडायची आहे.

तर झालं असं की खात्याने ऑफिसचं नवीन सॉफ्टवेअर घेतलं. पत्रं लिहायची, तक्ते आखायचे, सगळं त्यातच. कचेरीत ते एका दुपारी बसलं. प्रश्न आला लांबच्या आठ चौक्यांचा. नदीचं पाणी चढलं किती, उतरलं किती, ते मोजायला खात्याने डोंगरात आठ चौक्या ठेवल्यात. प्रत्येक चौकीवर कॉम्प्युटर आहे, पण नेटवर्क म्हणाल तर नावालाही नाही. बैठकीत कॉम्प्युटर विभागाचा माणूस म्हणाला, "नेट नाही तिथं एकेक मशीन हाताने करावं लागेल. दोन महिने धरा."

इथे जावकरावांनी तोंड उघडलं. त्यांनी तसं करायची काही गरज नव्हती. चहा आला होता, बिस्किटं येत होती, गप्प बसले असते तर आज ही गोष्टच नसती. पण ते म्हणाले, "त्यात काय एवढं? पेनड्राइव्ह न्यायचा, खुपसायचा, आणि यायचं."

मोठ्या साहेबांनी चष्मा काढून त्यांच्याकडे बघितलं. "छान. मग तुम्हीच जा. पुढच्या शुक्रवारी सकाळी अकराच्या बैठकीत मला आठही चौक्यांकडून एकेक पत्र हवं. नव्या सॉफ्टवेअरवर लिहिलेलं, छापलेलं, चौकीचा शिक्का मारलेलं. ज्या चौकीचं पत्र नसेल, तिथले तक्ते हाताने काढायला माणूस बसवावा लागेल. कोणता माणूस, ते मी सांगायला नको."

नको होतंच. सगळे जावकरावांकडे स्टेशनवर निरोप द्यायला आल्यासारखे बघायला लागले.

निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बदल्यांचे कागद जावक केले आणि आता स्वतःच जावक व्हायची पाळी. घरी सांगितलं तर बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "बदली झाली तर तुमचे गरम कपडे बांधून देईन. माझे बांधणार नाही."

बातमी जिन्यातून वर गेली, खाली गेली, आणि सल्ले यायला लागले. समोरचे पेन्शनर म्हणाले, "पेनड्राइव्ह खिशात ठेवू नका हं. अंगाच्या उष्णतेने आतलं पुसलं जातं. माझ्या भाच्याचं अख्खं पुसलं होतं." भाचा काय करतो विचारलं तर म्हणे, बेकरी आहे त्याची. खालचा शिंपी म्हणाला, "काका, द्या बनियन. आत चोरखिसा लावतो. बाहेरच्या कपड्याचा भरवसा नाही." त्याने चोरखिसा इतका बेमालूम लावला की पेनड्राइव्ह आत ठेवून चारही बाजूंनी शिवून टाकला. पहिल्या चौकीवर जावकरावांना दोन परक्या माणसांसमोर शर्ट काढून बनियन ब्लेडने कापावं लागलं. पण ते जाऊ दे. त्यांनीच कुणाला सांगितलं नाही, आपण कशाला सांगायचं.

काम तसं अवघड नव्हतं, चमत्कारिक होतं. सॉफ्टवेअर बसवलं की पडद्यावर अठ्ठेचाळीस आकडे यायचे. ते आकडे फोन करून कंपनीच्या यंत्राला कळवायचे. मग पलीकडून एक यंत्रातली बाई उलट अठ्ठेचाळीस आकडे सांगायची. ते कॉम्प्युटरात भरले की कुलूप उघडलं. "एक ध्यानात ठेवा," कॉम्प्युटर विभागाच्या माणसाने बजावलं होतं. "मधे मशीन बंद झालं की आकडे बदलतात. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि तीनदा चुकलं की मशीन आठवडाभर रुसतं." सात चौक्यांवर ओसरीत उभं राहिलं की फोनला रेंज मिळाली. दोन दिवसांत सात उरकल्या, सात पत्रं शिक्क्यासकट पिशवीत पडली. जावकरावांची मान इतकी ताठ झाली की उशीवर टेकेना.

राहिली आठवी. सगळ्यांत लांबची. बुधवारी सकाळी निघायचं ठरलं, आणि आदल्या संध्याकाळी आक्का म्हणाली, "मी पण येते."

आक्का म्हणजे जावकरावांची मोठी बहीण. चार वर्षांपूर्वी पंधरा दिवसांसाठी राहायला आली होती, ते पंधरा दिवस अजून चालू आहेत. गुडघे दुखतात म्हणून ती देवघरापर्यंत जातानाही कुणाचा तरी हात मागायची. आणि हातात सदा विणकाम. जांभळ्या लोकरीचा एक मफलर, जावकरावांसाठी. चार वर्षं चाललेला. जावकराव मफलर घालत नाहीत हे तिला माहीत होतं, पण ते तिच्या दृष्टीने विणकामाच्या आड येत नव्हतं.

"आक्का, सरकारी गाडी आहे. घरचं माणूस बसवता येत नाही. परिपत्रक आहे."

"कुणाचं?"

"माझं."

"मग तुलाच विचारते आहे ना, बाळ."

बायकोने आतून आवाज दिला, "न्या हो त्यांना. हवापालट होईल." कुणाची, ते बोलली नाही.

आता परिपत्रक स्वतःचं. मोडायचं तर नव्हतं, पाळायचं तर आक्का होती. जावकरावांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी गाडीच्या पावतीवर, माणसांच्या रकान्यात स्वतःचं आणि ड्रायव्हरचं नाव लिहिलं, आणि सामानाच्या रकान्यात लिहिलं: साहित्य, नग एक, नाजूक. आक्का मागच्या सीटवर बसली, मांडीवर लोकर घेतली, आणि पाच तास बोलत राहिली. ड्रायव्हरने पावती वाचली होती. तो आरशात बघायचा आणि खोकायचा.

चौकी म्हणजे नदीकाठची दगडी खोली, एक ओसरी, आणि पाण्यात उभी केलेली आकड्यांची पट्टी. तिथे चौदा वर्षं एकटा माणूस राहतो, त्याला सगळे मोजणीदार म्हणतात. बारीक, नीटनेटका, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. जावकरावांनी नाव सांगताच तो दोन पावलं मागे सरकला आणि हात जोडले.

"म्हणजे 'साहेबांकरिता' म्हणून सही करणारे ते तुम्ही?"

जावकराव हो म्हणाले. मोजणीदाराने आतून एक जाडजूड बाड आणलं. तो येण्याआधीचीही धरून चोवीस वर्षांची परिपत्रकं, क्रमाने लावलेली, पाठीला कापड चिकटवलेलं. "इथं वाचायला दुसरं काही येत नाही, साहेब. एकशे बारा तर माझं पाठ आहे. कप विसळण्याचं. काय लिहिलंय."

जावकरावांचे डोळे पाणावले. चोवीस वर्षांत पहिला वाचक. त्या क्षणी त्यांना कुणी सांगितलं असतं की बाबा, उलट्या पावली पळ, तर त्यांनी ऐकलं नसतं.

मोजणीदाराने पावती मागून घेतली, माणसं मोजली, सामान मोजलं. आक्काकडे बघितलं, पावतीकडे बघितलं, पुन्हा आक्काकडे बघितलं, आणि वहीत लिहिलं: नग एक, सुस्थितीत उतरवून घेतला. मग आक्काला खुर्ची दिली, ओसरीत, उन्हापासून दूर. नाजूक लिहिलं होतं ना.

सॉफ्टवेअर अर्ध्या तासात बसलं. आकडे आले. जावकरावांनी फोन काढला तर रेंज शून्य.

"रेंज वर टाकीवर येते," मोजणीदाराने टेकडीकडे बोट केलं. "एकशे साठ पायऱ्या."

जावकराव चढले. मधे चारदा बसले, एकदा उगाचच देखावा बघायला थांबल्यासारखं केलं. वर जाऊन आकडे कळवले, उलटे आकडे कागदावर उतरवले, धापा टाकत खाली आले. कॉम्प्युटर बंद.

"लाइट गेली का?"

"नाही साहेब. मी बंद केला." मोजणीदार अदबीने उभा. "परिपत्रक त्र्याण्णव. खोलीत मनुष्य नसल्यास यंत्र तत्काळ बंद करावे, अपवाद नाही. अपवाद नाहीच्या खाली तुम्ही रेघ मारली होती."

मारली होती. जावकरावांना ती रेघ आठवली, पट्टी लावून मारलेली.

"बरं. मग आता चालू ठेवा, मी सांगतो."

"तोंडी आदेश चालत नाहीत. परिपत्रक एकशे सत्तावीस."

"लिहून देतो."

"हाताने लिहिलेलं चालत नाही. त्याच्याच कलम दोनमध्ये. टंकलिखितच पाहिजे."

"टंकलिखित कशावर करू? त्या कॉम्प्युटरावर? त्याचं कुलूप उघडायलाच तर आलोय मी."

"तेही खरंच," मोजणीदार म्हणाला. त्याला खरोखरच वाईट वाटत होतं.

"मग तुम्ही बसा खोलीत."

"मी बसलो तर नदी कोण मोजणार? दर वीस मिनिटांनी पट्टी बघायची. परिपत्रक..."

"माहीत आहे."

ड्रायव्हरला बोलवावं, तर 'चालकाने वाहन सोडून जाऊ नये' हेही कुणीतरी शहाण्याने लिहून ठेवलेलं. ड्रायव्हरने गाडीच्या खिडकीतून ते परिपत्रक नुसतं हलवून दाखवलं. तो एरवी कागदाला हातही लावायचा नाही, हे एक तेवढं पाकिटात घडी करून ठेवलेलं.

मग जावकरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आक्का. आक्काला खुर्चीसकट आत बसवली. "आक्का, इथून हलू नकोस. काही करायचं नाही, फक्त बसायचं."

"ते मला येतं," आक्का म्हणाली आणि सुया चालू केल्या.

नवे आकडे, पुन्हा एकशे साठ पायऱ्या, पुन्हा ती यंत्रातली बाई. या वेळी जावकरावांना वाटलं, तिच्या आवाजात जरा कीव आहे. खाली आले. आक्का खोलीतच होती. विणत होती. दिवा बंद. कॉम्प्युटर बंद.

"अहो, खोलीत माणूस होतं की."

मोजणीदाराने वही उघडली आणि पावती पुढे केली. जावकरावांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: साहित्य, नग एक, नाजूक.

आक्काने मान लांब करून वाचलं. चष्मा वर केला, खाली केला, पुन्हा वाचलं. सुया थांबल्या. त्या सुया जावकरावांच्या लग्नातसुद्धा थांबल्या नव्हत्या.

"बाळ, हे माझ्याबद्दल आहे का?"

"आक्का, ती एक तांत्रिक बाब आहे."

"तुला कडेवर घेऊन शाळेत सोडायची मी. रोज. तू रडायचास. तेव्हा तू काय होतास? पार्सल?"

ड्रायव्हर गाडीत खोकला. खोकला थांबेना, तेव्हा त्याने काच वर केली.

तीन वाजले होते. पाचला खोलीला कुलूप आणि गाडी आजच परत, दोन्हींची परिपत्रकं होती हे सांगायला नको. एकच वाट उरली होती. पावतीप्रमाणे माणूस असलेले जावकराव खोलीत बसणार, आणि टाकीवर दुसरं कुणीतरी जाणार. दुसरं कुणी म्हणजे कोण, ते दोघांनाही कळत होतं.

"आक्का, तू जरा वर..."

"सामान चालत नाही, बाळ. सामान उचलून न्यावं लागतं."

जावकरावांनी मोजणीदाराकडे पाठ केली. चोवीस वर्षं जी मान कुणापुढे लवली नाही ती हळूच खाली घातली आणि म्हणाले, "चुकलं माझं. तू माझी मोठी बहीण आहेस. आज तू नाही गेलीस तर मी इथं दोन वर्षं अडकलो. एकटा. या बाडासकट."

आक्काने त्या बाडाकडे बघितलं. मग भावाकडे. मग उठली, लोकर काखेत मारली, आकड्यांचा कागद, पेन आणि फोन घेतला, आणि त्या एकशे साठ पायऱ्या अशी चढून गेली, की तिच्या मागे धूळ उडाली. खोटं वाटेल, पण मोजणीदाराने वेळ लावली होती, त्याला मोजायची सवय. सहा मिनिटं. त्या दिवसापासून गुडघ्यांचा विषय घरात निघाला की सगळे छताकडे बघतात.

खिडकीतून जावकरावांना ती दिसत होती. फोन कानाला, हातवारे चालू. दहा मिनिटं झाली, वीस झाली. अठ्ठेचाळीस आकड्यांना इतके हातवारे लागत नाहीत. नंतर कळलं ते असं, की चार वर्षांत पहिल्यांदा एकटीला फोन आणि रेंज दोन्ही मिळाले, तेव्हा तिने आधी धाकट्या बहिणीला, मग चुलतभावाच्या सुनेला, मग दोन मावसबहिणींना फोन करून सांगितलं की मला सामान म्हणून आणलंय. मग कंपनीच्या यंत्राकडे वळली. आकडे दाबले. यंत्रातली बाई उलट आकडे सांगायला लागली, आणि वाऱ्याने कागद गेला. कागद धरायला गेली तर पेन टाकीत पडलं.

पावणेपाचला आक्का खाली आली. हात रिकामे.

"आकडे कुठेत?"

आक्काने मफलर पुढे केला.

"हे काय?"

"जितका आकडा तितके सुलट टाके, मग एक उलटा. शून्य आलं तिथं भोक. सहा आकड्यांची एक ओळ, आठ ओळी. त्या बाईला अकरा वेळा परत म्हणायला लावलं. गुणी आहे हो, एकदाही चिडली नाही."

जावकरावांनी मफलर टेबलावर पसरला, पट्टी लावली, टाके मोजले, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून एकेक आकडा भरला. मशीन म्हणालं, चूक. पुन्हा मोजले, पुन्हा भरले. चूक. दोन झाले. घड्याळात पाचला सात मिनिटं. मोजणीदार कुलूप घेऊन दारात उभा, आणि त्यालाही घाम फुटलेला.

"अरे वेड्या, तू पुस्तक वाचतोयस का?" आक्काने मफलर ओढून घेतला. "विणकाम खालून वर चढतं. सुरुवात खालच्या ओळीची, आणि उजवीकडून. दुसऱ्या ओळीला पालथा कर. तिसरीला पुन्हा उताणा. बाजूला हो, मी सांगते."

ती मफलर उलटापालटा करत सांगत गेली, जावकराव भरत गेले. अठ्ठेचाळिसावा आकडा भोक होतं. जावकरावांनी डोळे मिटून शून्य दाबलं.

कुलूप उघडलं. पडद्यावर कोरं पान आलं, पांढरं शुभ्र. जावकरावांनी पत्र लिहायला बोटं ठेवली, आणि पाच वाजले.

"साहेब," मोजणीदार म्हणाला.

"हो, माहीत आहे."

"काळजी करू नका. मी उद्या सकाळी पत्र लिहितो, छापतो, शिक्का मारतो. शुक्रवारी टपालाची गाडी दहाला कचेरीत पोचते. पत्रात काय लिहू?"

दमलेला माणूस काय बोलतो त्याचा नेम नसतो. जावकराव गाडीत बसता बसता म्हणाले, "काहीही लिहा हो. जे घडलं ते लिहा."

शुक्रवारी दहाला गाडी आली नाही. साडेदहाला नाही. अकराला बैठक सुरू झाली, साहेबांसमोर सात पत्रं, आणि जावकराव मनातल्या मनात गरम कपडे मोजत बसलेले. सव्वाअकराला शिपाई लिफाफा घेऊन आला. जावकरावांनी तो आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही हातांनी घेतला, उघडला, वाचला, आणि परत घडी घातली.

आता बघा पेच. पत्र दिलं नाही तर बदली. पत्र दिलं तर अब्रू.

"आलं का आठवं?" साहेबांनी विचारलं.

जावकरावांच्या डोळ्यांसमोर ते कापड चिकटवलेलं बाड आलं. त्यांनी पत्र पुढे केलं. साहेबांनी, जे कधीच काही वाचत नसत, ते पत्र मोठ्याने वाचलं.

"महोदय, नवीन सॉफ्टवेअर उत्तम चालते, हे या पत्रावरून दिसून येईलच. आपल्या परिपत्रकांस अनुसरून कळविण्यात येते की, बुधवारी आपल्या कार्यालयातील कर्मचाऱ्याने साहित्य म्हणून आणलेला नग एक हा प्रत्यक्षात त्यांची मोठी बहीण असल्याचे त्यांनी समक्ष कबूल केले. सदर नगाने टाकीवर चढून शासकीय काम केले. सदर नग परत पाठविला असून परतीच्या वेळी सुस्थितीत होता. पोच द्यावी व उचित कार्यवाही करावी. ता. क. आपली भेट झाली, धन्य झालो."

कॉम्प्युटर विभागाचा माणूस टेबलाखाली पडलेलं काहीतरी शोधायला वाकला, तो वर यायलाच तयार नाही.

"आठ झाली," साहेब शेवटी म्हणाले. "बदलीचं सोडून द्या. मात्र तक्रार आहे, खुलासा घ्यावा लागेल. गाडीच्या गैरवापराचे खुलासे कोण मागवतं आपल्याकडे?"

"मी," जावकराव म्हणाले.

तेव्हा जावकरावांनी जावकरावांना कडक शब्दांत पत्र लिहिलं, सात दिवसांत खुलासा करावा म्हणून. सातव्या दिवशी जावकरावांचा खुलासा आला. जावकरावांना तो काही तितकासा समाधानकारक वाटला नाही, पण माणसाची चोवीस वर्षांची सेवा बघून त्यांनी समज देऊन सोडून दिलं. पुरावा म्हणून मफलर फायलीला टाचण्या लावून जोडला. तो अजून तिथंच आहे. फाइल बंद होत नाही, वर वीट ठेवावी लागते.

राहिली आक्का. तिने घरात स्वच्छ सांगितलं, ज्या कागदावर मला सामान केलं, तसल्याच कागदावर माणूस कर, नाहीतर आणखी फोन करायचे बाकी आहेत माझे. तेव्हा शुद्धिपत्रक निघालं, आठही चौक्यांना गेलं. टंकलिखित, नव्या सॉफ्टवेअरवर, खाली शेपूटवाली सही: अमुक पावतीतील 'साहित्य, नग एक, नाजूक' याऐवजी 'मोठी बहीण, एक' असे वाचावे.

आक्काने प्रत हातात घेतली, चष्मा वर केला, खाली केला, दोनदा वाचली.

"हे ठीक आहे," ती म्हणाली. "पण 'नाजूक' काढायला तुला कोणी सांगितलं होतं?"